झेनच्या पोटात एस्टीमचे इंजिन : एका जुन्या इंजिनाचे परीक्षण

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी महामार्गालगतच्या एका जुन्या इंजिनांच्या दुकानातून मारुती एस्टीमचे १२९८ सीसीचे, कार्ब्युरेटरवर चालणारे इंजिन २२ हजार रुपयांना विकत घेतले आणि साताऱ्यात शाहूपुरीतील आमच्या घराच्या अंगणात ते १९९७ सालच्या मारुती झेनमध्ये बसवले. हा उद्योग करू पाहणारे आणखी काही जण मला तेव्हापासून भेटले आहेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘इंजिन केवढ्याला पडले?’ हाच असतो. जुन्या इंजिनाची किंमत दुकानदार ब्लॉक (सिलिंडरांचे मुख्य धड) आणि हेड (त्यावरचे व्हॉल्व्ह असलेले झाकण) पाहून सांगतो. त्या ब्लॉकला काय काय लटकलेले नाही आणि त्याच्या पाठीमागे कोणता कागद नाही, याचे पैसे मात्र घेणारा पुढे सहा महिने मोजत राहतो. म्हणून हे परीक्षण इंजिनाइतकेच ते विकणाऱ्याच्या सेवेचेही आहे, आणि ओघाने भाड्याच्या क्रेनचेही.

प्रथम हे स्पष्ट करतो की ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवली जात नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात ठरवलेला आणि नोंदणी प्रमाणपत्रावर उतरलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा हाच अर्थ कायम केला. इंजिन निकामी झाले म्हणून त्याच जातीचे दुसरे इंजिन परवानगी घेऊन बसवणे निराळे आणि ९९३ सीसीच्या जागी १२९८ सीसीचे बसवणे निराळे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक फेरफाराबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंतचा कारावास, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अपघात झालाच तर विम्याचा दावा इंजिनाच्या क्रमांकापाशीच अडणार, हे सांगायला वकील लागत नाही. माझ्या झेनची नोंदणी संपली होती आणि ती पुन्हा करून घ्यायची नाही, असे मी आधीच ठरवले होते. ती टेम्पोवर चढून कोरेगाव तालुक्यातील मामांच्या शेतात गेली आणि आता तिथल्या माळावरच्या खासगी कच्च्या वाटेवर धावते. ज्यांना हे इंजिन घालून यवतेश्वरचा घाट चढायचा आहे, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

आता इंजिनाकडे वळू. झेन १९९३ साली आली तेव्हा तिच्यात ९९३ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन होते. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ६१ मिमी, शक्ती ५० बीएचपी. १९९४ साली आलेल्या एस्टीमचे १२९८ सीसीचे इंजिन त्याच घराण्यातले. बोअर ७४ मिमी, स्ट्रोक मात्र ७५.५ मिमी, आणि कार्ब्युरेटरच्या काळातली शक्ती ६५ बीएचपी. बोअरमध्ये फरक केवळ दोन मिलिमीटरचा, पण स्ट्रोकमध्ये साडेचौदा मिलिमीटरचा, हे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत, कारण चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडत नाही याचे श्रेय त्या लांब स्ट्रोकला जाते आणि बॉनेट बंद होताना आलेल्या अडचणीचे मूळही तेच आहे. दोन्ही इंजिनांचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने लहान जागी मोठे इंजिन घालूनही गाडीचे नाक खाली बसत नाही. एस्टीम ही झेनपेक्षा शंभरेक किलोंनी जड गाडी. तेच इंजिन हलक्या अंगात आल्यावर काय होईल, हा मोह समजण्यासारखा आहे.

पुढे एस्टीमला फ्युएल इंजेक्शनचे ८५ बीएचपीचे इंजिनही मिळाले होते आणि दुकानात तेही होते. ते मी मुद्दाम घेतले नाही. त्यासाठी ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक), संपूर्ण वायरिंग, सेन्सर, टाकीतला जादा दाबाचा पंप आणि इंधन परत नेणारी नळी एवढा संसार बरोबर आणावा लागतो, आणि अपघातग्रस्त गाडीतून ओरबाडून काढलेली वायरिंग म्हणजे नसते दुखणे. कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाला बोटांवर मोजता येतील इतक्या तारा लागतात. सुट्या भागांची चिंताही मोठी नव्हती. जिप्सीत याच घराण्यातले १.३ लिटरचे इंजिन २०१९ पर्यंत येत राहिले, आणि ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचे गाव आहे तिथल्या स्पेअर पार्टवाल्याला जिप्सी समजावून सांगावी लागत नाही. जिप्सीचे इंजिन गाडीच्या लांबीत, उभे बसते, त्यामुळे बाहेरचे सगळेच भाग जुळत नाहीत. रिंगा, गॅस्केट यांसारख्या आतल्या गोष्टींसाठी मात्र नमुना हातात घेऊन गेल्यास काम होते.

दुकानाबद्दल बोलायचे तर मालक सज्जन, चहा पाजणारे आणि बोलण्यात पक्के. “साहेब, पॅक माल आहे, आत हात लावायचं काम नाही,” असे त्यांनी दोनदा सांगितले. मी क्रँकच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने फिरवले, ते अडखळले नाही, ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरा थर (ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण) नव्हता, आणि एवढ्यावर मी समाधान मानले, ही माझी चूक. सिलिंडरातला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज माझ्या पिशवीत होता. त्यांच्याकडे बॅटरी होती आणि इंजिनाला अजून एस्टीमचा गिअरबॉक्स व स्टार्टर लागलेलाच होता. पाच मिनिटांचे काम होते, पण समोर बसून पाहुणचार घेतलेल्या माणसावर अविश्वास दाखवायला जीभ रेटली नाही. पैसे दिल्यावर गिअरबॉक्स आणि स्टार्टर उतरवून घेण्यात आले, कारण ते सौद्यात नव्हते. मला झेनचाच गिअरबॉक्स ठेवायचा असल्याने त्याची तक्रार नाही. मात्र कार्ब्युरेटर ‘कालच दुसऱ्याला गेला’, अल्टरनेटरचा ब्रॅकेट नव्हता, टायमिंग बेल्टच्या बाजूचे फाउंडेशन (इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार) नव्हते आणि ऑइल मोजण्याची काडी तिच्या नळीसकट गायब होती, हे घरी येऊन ताडपत्री उघडल्यावर एकेक करून लक्षात आले. फोनवर मालकांचे उत्तर एकच होते, की सौदा इंजिनाचा झाला होता. शब्दार्थाने ते बरोबरच म्हणावे लागेल.

कागदाच्या बाबतीतही तेच घडले. बिलावर फक्त ‘जुने इंजिन, नग एक’ असे लिहिले होते. गाडी मोडीत काढली की मालकाने चौदा दिवसांच्या आत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून नोंदणी प्रमाणपत्र पाठवायचे, असे कलम ५५ सांगते. तेव्हा ज्या गाडीतून इंजिन निघाले तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा विक्रेत्याकडे मागणे हा घेणाऱ्याचा हक्क आहे. चोरीच्या गाडीचे इंजिन अंगणात येऊन पडले तर शेतातच चालवतो हे स्पष्टीकरण पुरणार नाही. मी हट्ट धरला, दोन फेऱ्या मारल्या आणि इंजिनाचा क्रमांक लिहिलेले बिल व नोंदणी रद्द झाल्याच्या पत्राची छायाप्रत मिळवली. ही कागदपत्रे दिली याचे गुण दुकानाला द्यावे लागतील. ती आपणहून दिली नाहीत म्हणून ते कापावेही लागतील.

घरी झेनचा गिअरबॉक्स आणि स्टार्टर जमिनीवरच त्या इंजिनाला लावून मी कॉम्प्रेशन मोजले. या इंजिनासाठी साधारण १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हे चांगले, १२ ही खालची मर्यादा आणि सिलिंडरांमधला फरक एक किलोपेक्षा जास्त नको, असे माप आहे. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच असल्याने काटा थोडा मागेच राहणार, हेही धरून चालावे लागते. माझी मापे १३, साडेबारा, ९ आणि १३ अशी आली. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले, तरी काटा नऊवरच राहिला. ऑइलने काटा चढला असता तर रिंगा झिजल्या असे समजलो असतो. तो चढला नाही म्हणजे गळती वर, व्हॉल्व्हपाशी होती. जुन्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे हेड नेले. त्यांनी व्हॉल्व्हच्या सीटवर निळा रंग लावून व्हॉल्व्ह टेकवला, उचलला आणि माझ्यापुढे धरला. रंगाचे वर्तुळ एका बाजूला करंगळीच्या नखाएवढे तुटलेले होते. “सर, हा टेकतच नाही, सगळी हवा इथून जाते,” एवढेच ते म्हणाले. हेडच्या तळावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजचे (फट मोजणाऱ्या पातळ पात्यांच्या जुडग्याचे) ०.०५ मिमीचे पान कुठे सरकते का तेही पाहिले, कारण एकदा तापलेले अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते. सुदैवाने ते सपाट होते. सीट कापणे, व्हॉल्व्ह घासणे, नवे सील आणि हेड गॅस्केट धरून साडेसहा हजार रुपये लागले, आणि पुन्हा मोजल्यावर तिसरा सिलिंडर साडेबारावर आला. इंजिन जमिनीवर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकचे दोन्ही सील बदलून टाकले. गाडीत बसल्यावर मागचा सील बदलायचा तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो, आणि त्या कामाला कोणीही दुसऱ्यांदा हात घालत नाही.

क्रेनची कथा थोडी वेगळी आहे. आमच्या ओट्याच्या छताला झोपाळ्याच्या लोखंडी कड्या आहेत आणि त्यांना चेनकप्पी बांधून इंजिन उचलावे, असा वडिलांचा आग्रह होता. “तीन पिढ्या झोके घेतले त्यावर, तुझं इंजिन काय जड आहे?” हा त्यांचा युक्तिवाद. झोपाळ्याचे वजन दोन कड्यांवर विभागते आणि स्लॅबमध्ये त्या कड्या कशा अडकवल्या आहेत हे आज कोणालाच आठवत नाही, म्हणून मी नकार दिला आणि दोन टनांची घडीची हायड्रॉलिक क्रेन सातशे रुपये रोजाने आणली. हिच्या नावातले दोन टन हे दांडा पूर्ण आत असतानाचे असतात. बंपरच्या पुढून इंजिनापर्यंत पोहोचायला दांडा बाहेर काढत गेलो की क्षमता उतरत जाते आणि शेवटच्या भोकावर ती अर्ध्या टनावर येते. गिअरबॉक्ससह हे इंजिन दीडशे किलोंच्या आतले असल्याने तेवढी क्षमता भरपूर झाली. खरा त्रास चाकांनी दिला. कारखान्याच्या गुळगुळीत फरशीसाठी केलेली ती लहान लोखंडी चाके आमच्या शहाबादीच्या सांध्यांत अडकत, आणि इंजिन हवेत लोंबकळत असताना क्रेन अडखळली की ते पुढे झोका घेई. शेवटी शेजारच्या अण्णांच्या घराचे काम चालू होते, त्यांच्याकडून सेंटरिंगचे प्लायवूड आणून अंथरले तेव्हा गाडे सरकले. क्रेन देणाऱ्याने उतरवताना हे एका वाक्यात सांगितले असते तर माझा एक दिवस आणि सातशे रुपये वाचले असते. पंपाचे तेल मात्र जराही गळत नव्हते आणि उचललेले वजन रात्रभर, खाली ठोकळे ठेवून का होईना, तसूभरही उतरले नाही. क्रेन म्हणून ती उत्तम होती.

बसवणे मला वाटले होते त्याहून सोपे गेले. झेनचाच गिअरबॉक्स ठेवल्यामुळे शाफ्ट, गिअरची जोडणी आणि स्पीडोमीटरची केबल यांना हात लावावा लागला नाही. नवी क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर मोकळेपणाने सरकते का, हे फ्लायव्हील चढवण्यापूर्वीच हाताने पाहून घेतले. हे ज्याने त्याने पाहावेच. टायमिंगच्या बाजूचे फाउंडेशन मिस्त्रींनी जाड पट्टीतून बनवून दिले. सायलेन्सरचा पुढचा पाइप क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला) घासत होता, तो कापून, वळवून पुन्हा जोडला. मग बॉनेटचा प्रश्न आला. लांब स्ट्रोकमुळे ब्लॉक उंच, त्यावर कार्ब्युरेटर आणि त्यावर एअर फिल्टरचा डबा. डबा आणि बॉनेट यांत किती जागा उरते हे डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून आईने पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेतून लिंबाएवढे तीन गोळे घेतले, डब्यावर ठेवले आणि बॉनेट अलगद बंद करून उघडले. दोन गोळे पुरीएवढे चपटे झाले होते. तिसरा, डब्याच्या नटावरचा, पापडासारखा पातळ होऊन त्यातून नट वर आला होता. इंजिन चालताना फाउंडेशनवर हलते, तेव्हा निदान बोटभर जागा हवी. बॉनेट फुगवण्यापेक्षा डबाच कापून बुटका केला आणि त्यात चपटा फिल्टर बसवला.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो न आलेल्या अल्टरनेटर ब्रॅकेटने. तळहाताएवढा ओतीव तुकडा, किलोवर विकला तर चहाचेही पैसे येणार नाहीत. झेनचा ब्रॅकेट या ब्लॉकवर अल्टरनेटर तिरका धरत होता. मी वॉशर घालून तो ‘जुळवला’ आणि पहिल्याच दिवशी बेल्टने चीत्कार करून टायमिंगच्या झाकणावर काळी भुकटी पसरली. पुली एका रेषेत नव्हत्या, सुमारे चार मिलिमीटरचा फरक होता. मूळ ब्रॅकेट शोधण्यासाठी मी त्याच दुकानात दोनदा आणि इतरत्र एकदा गेलो. अखेर त्याच मालकांनी तो १२०० रुपयांना दिला, आणि मला आजही दाट संशय आहे की तो माझ्याच इंजिनावरचा होता. कार्ब्युरेटर स्वतंत्र घ्यावा लागला, त्याचे सात हजार रुपये निराळे.

माळावर पहिल्या दिवशी चोक ओढून गाडी सुरू झाली तेव्हा मामांचा एकच शेरा होता, “आवाज बदलला रे हिचा.” बदल आवाजात आहे, पण त्याहून तो चढावर आहे. विहिरीपासून माळाकडे जाणाऱ्या वाटेवर जुनी झेन पहिल्या गिअरशिवाय वळण घेत नसे. आता ती दुसऱ्यात, ॲक्सिलरेटर अर्धाच दाबलेला असताना, मागच्या सीटवर दोन माणसे घेऊन चढते. गिअरबॉक्स लहान इंजिनासाठी रचलेला असल्याने प्रत्येक गिअर लवकर संपतो आणि कच्च्या वाटेवर तेच हवे असते. कोणी ही गाडी महामार्गाचा विचार करून बनवली असती तर त्याला तेवढ्याच वेगाला इंजिन पूर्वीइतकेच फिरत असल्याचे पाहून निराशा आली असती. चैत्रातल्या उन्हात, हळू वेगात, तापमानाचा काटा तीनचतुर्थांशाच्या पुढे गेला, तेव्हा झेनचा रेडिएटर या इंजिनाला अपुरा आहे हे मान्य करून त्यात जाड कोअर भरून घेतली. ब्रेक अजून झेनचेच आहेत, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. शेतातल्या वेगाला ते चालतात, त्याहून अधिक वेगासाठी मी त्यांची हमी देणार नाही.

२२ हजारांचे इंजिन मला सगळे मिळून ६१ हजारांना पडले. त्यातले व्हॉल्व्हचे पैसे नशिबाचे धरले, तरी बाकीचा बराचसा खर्च न आलेल्या वस्तूंचा आहे. हेच इंजिन कार्ब्युरेटर, ब्रॅकेट, फाउंडेशन आणि कागदासह कोणी ३५ हजार सांगितले असते तर मी ते महाग म्हणून नाकारले असते आणि ती माझी चूक झाली असती. इंजिन म्हणून हे यंत्र उत्कृष्ट आहे. आठ महिन्यांत त्याने ऑइल खाल्लेले नाही, धूर नाही, थंड सकाळी दुसऱ्या सेलला सुरू होते. त्या दुकानातून मी पुन्हा माल घेईन, पण गेज लावून, आणि गाडीतून इंजिन माझ्या डोळ्यांदेखत उतरत असेल तरच.

ऑइलची काडी मात्र अजून मिळालेली नाही. भंगारातून आणलेल्या एका नळीत मी झेनची काडी घातली आहे. इंजिन पूर्ण रिकामे करून, मॅन्युअलमधल्या मापाने ऑइल ओतून, ते जिथवर भिजले तिथे हॅकसॉच्या पात्याने एक आडवी खूण केली आहे. मूळ खुणेपेक्षा ती दीड बोट वर आहे. मामांना ती दाखवून ठेवली आहे, कारण गाडी आता माझ्यापेक्षा त्यांच्याच हातात जास्त असते.